डाव्या हाताने पिळलेली तार

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या भावावर, पार्से गावच्या गजाननवर. कधी? गोवा घटकराज्य झालं त्याच्या आदल्या वर्षी, गणेशचवथीनंतरच्या पहिल्या सोमवारी, दुपारी तीन वाजता. दाबोळीच्या विमानतळावर एका खासगी कंपनीचं लहान विमान उतरताना धावपट्टी सोडून गवतात घुसलं. वैमानिकाचा पाय मोडला, आणि चौकशीने एका ओळीत निकाल लावला : मेकॅनिकने बोल्टला तार लावली नाही. मेकॅनिक म्हणजे दादा.

हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचून कोणी मला भुताखेतं मानणारा समजेल. देवळातल्या कौलाविरुद्ध पत्रक काढून गावाच्या शिव्या खाल्लेला माणूस आहे मी. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आजही नाही म्हणतो, फक्त पूर्वीइतक्या जोरात नाही.

विमानाच्या बोल्टला भोक असतं. त्यातून बारीक तार ओवून पिळतात, म्हणजे हादऱ्यांनी बोल्ट फिरत नाही. दादा डावखुरा, त्याचा पीळ इतरांच्या उलट पडायचा. आणि तारेचं टोक तो दोनदा आत दुमडायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने विहिरीच्या कप्पीला मारलेल्या तारेचं टोक सुमनवहिनीच्या बोटात घुसलं होतं. तेव्हापासूनची सवय, विमानावरसुद्धा.

त्या सोमवारी बोल्ट त्याने सैल केला होता, हे खरं. काम अर्धं असताना पाळी संपली. पुढच्या पाळीच्या माणसाला त्याने बोट लावून दाखवलं — तार मारायची राहिली आहे. माणसाने मान हलवली. साहेबांना उड्डाणाची घाई, म्हणून तपासणाऱ्याने विमानाजवळ न जाताच सही ठोकली. चौकशीत दोघेही म्हणाले, आम्हाला कोणी काही सांगितलं नाही. दादाची नोकरी गेली. पुढच्या शिगम्यात तापाने तोही गेला.

आणि मी? मी मराठी राज्यभाषा व्हावी म्हणून पत्रकं वाटत होतो. वहिनी चिडवायची, "घरात उलयतात कोकणी, छापतात मराठी. भावजी, तुमका राग तरी खंयच्या भाशेत येता?" दादा गेल्यावर तिचं चिडवणंही बंद झालं.

गेल्या थंडीतली गोष्ट. सकाळचे अकरा. आमची मराठीच्या प्रचाराची जीप डिचोलीकडे चालली होती. चालवायला मारुती, कोल्हापूरकडचा, आधी खाणीवरच्या गॅरेजात होता. मये तळ्याजवळच्या उतारावर स्टिअरिंग ढिलं लागायला लागलं. मारुतीने जीप कडेला घेतली आणि खाली शिरला.

"काय झालं रे?"

"स्टिअरिंगच्या बोल्टाचा नट पडलाय."

"मग?"

"मग आपन आत्ता तळ्यात असाय पायजे. तारंनं धरलाय बोल्ट. तुमी मारली व्हय?"

"मला सायकलची चेन बसवता येत नाही, मारुती."

"सकाळी मीच गिरीस भरलं. नट हुता, तार न्हवती." मग हात पुसत, "चेष्टा करत असाल तर सांगा. माझी दोन पोरं हाईत."

सकाळपासून जीप आम्हा दोघांच्या नजरेआड झाली नव्हती. मी खाली शिरलो. सगळीकडे धूळ आणि ग्रीस, तार मात्र लख्ख. पीळ उलटा. टोक दोनदा आत दुमडलेलं.

मारुतीने नवा नट बसवला आणि तार कापून माझ्या हातात दिली. दुपारी मी ती घरी नेली. वहिनी अंगणात तांदूळ पाखडत होती. तार कुठे सापडली ते मी सांगितलं. तिने ती घेतली, टोकावरून बोट फिरवलं... परत फिरवलं.

"इतक्या लागी, मयेपर्यंत इले," ती म्हणाली, "आणि घराकडे येवक नाय?"

तिने सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "भावजी, तुमी इतके कागद छापल्यात. तेंच्या नावाचो एक तरी छापल्यात?"

नव्हता छापला. एकही नाही.

मारुतीला मी नंतर तीनदा विचारलं, वाटेतल्या गॅरेजांत विचारलं. दाबोळीच्या एका जुन्या मेकॅनिकला घरी बोलावून तार दाखवली. तो म्हणाला, विमानाचीच आहे, बाजारात मिळत नाही. आणि चहा न घेता उठला. त्यापलीकडे माझ्याकडे खुलासा नाही, मी बनवूनही सांगणार नाही. तार वहिनीने परत दिली नाही. कधी कधी दुपारी ती पडवीत बसून रस्त्याकडे बघते. तेव्हा मी घरात पाय वाजवत नाही.

तर हा कागद दादाच्या नावाचा. त्या सोमवारी पुढच्या पाळीला हँगरमध्ये जे होते, त्यांना हे सांगणं आहे. मान कोणी हलवली, सही कोणी केली, ते तुम्हाला ठाऊक आहे. नोकरी जाईल म्हणून गप्प बसलात. आता पार्शाला आमच्या घरी या. मी घरात नसताना या हवं तर. वहिनीसमोर बसा आणि तिला तोंडाने सांगा, की गजाननने आम्हाला सांगितलं होतं.