पुढून आंबिया, मागून मृग

काकाजी हात मागे बांधून चालत. रस्त्यानं, लग्नाच्या मांडवात, देवळात प्रदक्षिणा घालतानासुद्धा. हात पुढे असले की ते वस्तूला लागतात आणि हात लागला की मन फसतं, असं त्यांचं म्हणणं. ते संत्र्याच्या बगीच्यांचे पारखी होते. झाडावरचा माल घेण्याआधी व्यापारी त्यांना बगीच्यात नेत. काकाजी एकेका झाडाभोवती फेरी मारत, फळाला बोट लावत नसत, आणि फेरी पुरी झाल्यावरच तोंड उघडत. "फेरी मारल्याबिगर बोलाचं नाही" हा त्यांचा धर्म होता. याहून मोठमोठे धर्म सांगणारी माणसं पांढुर्ण्यात पुष्कळ होती. आपला धर्म पाळणारा मला हा एकच भेटला.

आणि याच माणसानं निम्मं आयुष्य अशा एका वस्तूबद्दल बोलण्यात घालवलं, जिच्याभोवती त्यानं कधीच फेरी मारली नव्हती. ती वस्तू म्हणजे एक विलायती मोटार. दोनच माणसांची, लांब नाकाची, जमिनीला चिकटून पळणारी. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण काकाजींनी ते कधी घेतलं नाही. नाव घेतलं की माल विकायला काढल्यासारखा वाटतो, म्हणत.

मी मूळचा सौंसरचा. ऐंशी सालानंतर पांढुर्ण्याच्या शाळेत लागलो आणि काकाजींच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेतली. अट एकच होती. "त्या तिकडच्या भिंतीले खिळा ठोकाचा नाही, गुरुजी. क्यालेंडरही लावाचं नाही." त्या भिंतीवर कागदाचे तुकडे चिकटवून केलेली एक लाल मोटार होती, माझ्या खाटेएवढी लांब. नाक एका कागदाचं, दार दुसऱ्याचं, शेपूट तिसऱ्याचं. लाल रंगाच्या चार-पाच छटा होत्या आणि दोन चाकं एका मापाची नव्हती. खिडकीबाहेर पाण्याचं टाकं होतं. सकाळचं ऊन त्या पाण्यावर पडून भिंतीवर हलायचं, तेव्हा गाडी पाण्याखालच्या रस्त्यानं चालल्यासारखी वाटे. तिगावकडून मालगाडी आली की भिंत थरथरायची आणि गाडीचं इंजिन सुरू झाल्याचा भास व्हायचा. झाडं फुलावर असली की त्या फुलांचा वास खोलीभर असे. अशा सकाळी काकाजी चहाचा गिलास घेऊन दारात येत. "झोपा, गुरुजी, झोपा. मी नुसता पाहून राहिलो." भाडेकरूच्या खोलीत शिरून भिंतीकडे पाहत चहा पिणारा घरमालक सुरुवातीला विचित्र वाटला. पुढे तो आला नाही तर चुकल्यासारखं वाटू लागलं.

हे कागद आले संत्र्यांमुळे. पेट्या भरताना आतून तणस आणि रद्दी लावतात. रद्दीचे गठ्ठे नागपूरहून येत, आणि त्यांत कधीमधी कुणा साहेबाच्या घरची गुळगुळीत इंग्रजी मासिकं असत. पेटी भरणाऱ्या बायका असं पान निघालं की बाजूला ठेवत. "पारखीबाबा, तुमची सोयरीक आली पाहा," म्हणून हसत. पानं निघायची तीही अर्धी फाटलेली, उलटसुलट क्रमानं, कोणत्या साली कोणत्या देशात छापलेली ते कळायला मार्ग नाही. त्या तुकड्यांतून काकाजींनी ती गाडी ओळखायला शिकून घेतली होती. आणि ओळखता ओळखता त्यांच्या लक्षात आलं की ती प्रत्येक वेळी सारखी नसते.

एरवी कुणी म्हणालं असतं, मॉडेल बदललं. काकाजी म्हणाले, बहार बदलला.

संत्र्याला दोन बहार. हिवाळा सरता सरता फुलतो तो आंबिया, पावसाच्या तोंडावर फुलतो तो मृग. झाड तेच, फळ वेगळं. काकाजींचं शास्त्र याच पायावर उभं होतं. दिव्यांवर काच, तोंड लहान, बम्पर बोटाएवढा बारीक, मागचे दिवे बम्परच्या वर, तर ती आंबिया. दिवे उघडे, तोंड मोठं, बम्पर जाडजूड, मागचे दिवे बम्परच्या खाली, तर ती मृग. एकाच बहारात ड्रायव्हरच्या हातातलं चाक कधी डावीकडे का असतं, बाजूला बारके दिवे का येतात, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

"तुमच्या सौंसरची माती अन् आमच्या पांढुर्ण्याची माती एक आहे काय?"

"नाही."

"मंग? कलम एकच लावलं, तरी तुमच्याकडे साल जाड निघते. तिकडे एखाद्या देशाची माती भारी असन. म्हून बम्पर जाड येते."

"काकाजी, तिकडे कायदा केलाय म्हणतात. धडक बसली तर माणूस वाचावा म्हणून."

"कायद्यानं साल जाड होते काय, गुरुजी?" ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "आपल्या इकडे आली ही गाडी, तं चारही बाजूनं बम्पर लागन." पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड चालतात. हे म्हणणं त्या हिशेबानं अगदी शास्त्रशुद्ध होतं.

काकूंचा या साऱ्यावर विश्वास नव्हता. विश्वास नसल्याचं त्या मोकळेपणानं सांगत. "पावसाळ्यात भिंतीले पोपडा आला का ह्यायले जेवण जात नाही. माह्या अंगाले ताप आला का म्हणतात, काढा घे." मी विचारलं, काकू, तुम्हाला ही गाडी आवडत नाही का? "गाडी हाये कोठी? कागद हाये ते. मी खळ करून देतो, ते चिपकवतात." खळ त्याच करून देत, आणि ती कधी पातळ झालेली मी पाहिली नाही.

एकदा मी म्हणालो, मुंबईला कुणाकडे तरी असेल एखादी, जाऊन पाहून या. काकाजींनी मान हलवली. "बहार धराचा असला तं झाडाचं पाणी तोडा लागते. पानं सुकतात, माणसाचा जीव होते खालवर. पण ताण भोगल्याबिगर फूल येत नाही. येईन ते. एक फेरी माराची आहे, बस." मग हळूच म्हणाले, "नाही तं इतकी वर्षं मी बिनफेरीचंच बोलून राहिलो, असं होईन." ही बोच मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकली. बाहेर कुणी त्यांना हसत असे त्याचं त्यांना काही नव्हतं. त्यांचा हिशेब त्यांच्या स्वतःशी होता.

एका उन्हाळ्यात मी नागपूरला गेलो असताना एका ग्रंथालयात परदेशी गाड्यांवरचं जाडजूड पुस्तक हाती लागलं. त्यात ती होती, सालवार, देशवार, चित्रांसह. परत येऊन मी मोठ्या उत्साहानं सांगितलं की तुमचं बरंचसं बरोबर आहे, फक्त भिंतीवरच्या गाडीचं नाक पहिल्या सालांचं आहे आणि शेपूट बऱ्याच नंतरचं, तेही अमेरिकेला पाठवायच्या गाडीचं. अशी गाडी कारखान्यातून कधी निघालीच नाही.

काकाजी भिंतीजवळ गेले. ती गाडी त्यांनी बहार ओळखायला शिकण्याआधी चिकटवली होती, आणि पुढे तिची पारख कधी केली नव्हती. नाकापासून शेपटापर्यंत आणि परत. भिंतीवरच्या गाडीभोवती याहून जास्त फेरी मारता येत नाही.

"म्हंजे एकाच झाडाले दोन बहार घेतले मी," ते म्हणाले.

बगीच्यातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. हावरा मालक एकाच झाडावर दोन्ही बहार धरतो आणि काही वर्षांत झाड थकून बसतं. अशा मालकांना काकाजींनी जन्मभर शिव्या घातल्या होत्या. त्यानंतर ते सकाळी चहा घेऊन येईनासे झाले. चहा अंगणातच पीत, टाक्याकडे तोंड करून.

पुढल्या थंडीत बातमी आली. नागपूरकडचा एक कंत्राटदार, ज्याला आपण निवडणुकीला उभं राहावं असं नुकतंच वाटू लागलं होतं, शनिवारी जामसावळीच्या मारुतीला येणार होता, आपल्या लाल, विलायती, लांब नाकाच्या मोटारीतून. मी धावत जाऊन सांगितलं. काकाजी उठले, टोपी घातली, आणि पुन्हा बसले.

"वेगळी निघाली तं, गुरुजी?"

"कशापेक्षा वेगळी?"

त्यांची नजर पुढच्या खोलीकडे गेली. आतून काकू म्हणाल्या, "वेगळी निघाली तं भिंत चुन्यानं पोतून टाकीन अन् मोकळी होईन. जा आता. अन् हे नारळ घेऊन जा, देवाच्या दारी जाऊन राहिले तुम्ही." पिशवीत नारळाबरोबर त्यांचा धुतलेला पांढरा रुमालही होता.

जामसावळीचा मारुती निजलेला आहे. समारंभांविषयी त्याचं मत त्यावरून कळतं. त्या दिवशी बँड होता, हारांचा ढीग होता, आणि पिंपळाखाली ती उभी होती. चाकांखाली लिंबं ठेवलेली, नाकावर कुंकवाचं स्वस्तिक, आणि कंत्राटदारसाहेब तिच्या बाजूला फोटोसाठी अशा ऐटीत उभे, जणू तिला त्यांनीच जन्म दिला. हात मागे बांधून चालणारी माणसं आपल्याकडे दोनच, अधिकारी आणि पारखी. गर्दीनं काकाजींना पहिल्या जातीचं समजून वाट दिली.

ते समोर थांबले. दिव्यांवर काच होती. तोंड लहान. बम्पर बोटाएवढा. त्यांनी मान डोलावली. पुढे सरकले. चाक उजवीकडे. दाराशी थोडे वाकले, आतली कातडी पाहिली. मग मागच्या अंगाला वळले आणि उभेच राहिले. मीही पाहिलं. बम्पर जाड होता. त्याच्या खाली दोन मोठे दिवे होते, आणि मागच्या चाकामागे पत्र्यात एक बारका दिवा.

गाडीचा ड्रायव्हर माझ्या शेजारी घाम पुसत होता. मी विचारलं, तेव्हा तो हलक्या आवाजात म्हणाला, "मागून ट्रकनं ठोकली होती, भाऊ. साहेबानं मुंबईहून दुसऱ्या गाडीचं मागचं धड आणून जोडलं. कोणाले सांगू नका, ते ओरिजिनल सांगून राहिले."

काकाजींनी हे ऐकलं नव्हतं. त्यांना ऐकायची गरज नव्हती. ते दुसऱ्या बाजूनं हळूहळू पुढे आले, जिथून निघाले होते तिथे येऊन थांबले. फेरी पुरी झाली. कंत्राटदारसाहेबांनी लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय बाबा, कशी वाटली? एकदम ओरिजिनल आहे!"

"झाड चांगलं आहे, साहेब," काकाजी म्हणाले. "जपून वागवा. दमते ते."

साहेबांना हा वनसंरक्षणाचा संदेश वाटला असावा. त्यांनी पिंपळाकडे पाहून हात जोडले, आणि फोटोवाल्यानं तोही फोटो काढला.

परतीच्या बसमध्ये काकाजी खिडकीशी बसले होते. दोन्ही बाजूंना बगीचे, उतरतं ऊन, फळांनी वाकलेल्या फांद्यांना दिलेले बांबूचे टेकू. त्यांचे हात प्रथमच मांडीवर होते, उघडे, रिकामे.

"पाहिली?" मी विचारलं.

"पुढून आंबिया, मागून मृग," ते म्हणाले. आणि लहान मुलासारखे हसले. "दोन बहार घेऊन उभी आहे, गुरुजी. माह्या भिंतीवरचीच आली होती."

मला सांगता आलं असतं की ट्रकनं ठोकल्यामुळे ती तशी झाली. पण त्यांच्या भिंतीवरची तरी कशामुळे झाली होती? फाटल्यामुळेच. बस लोधीखेड्याकडच्या फाट्यावरून वळली तेव्हा ते खिडकीला डोकं टेकून झोपी गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा गिलास घेऊन दारात हजर. "झोपा, गुरुजी, झोपा."

पुढे माझी बदली छिंदवाड्याला झाली. काकाजी गेल्याचं मला उशिरा कळलं. एखाद्या प्रदर्शनात चकचकीत जुन्या गाड्या रांगेत मांडलेल्या असतात, प्रत्येकीपुढे साल आणि देश लिहिलेली पाटी, आणि पाटी वाचून बोलणारे जाणकार. मी अजूनही आधी हात मागे बांधतो आणि फेरी मारतो. बहुतेक वेळा फेरी झाल्यावर बोलण्यासारखं काही उरत नाही. हा त्यांच्या धर्माचा फायदा.

काकूंना भेटायला गेलो तेव्हा घराला नवा चुना दिलेला होता. पुढच्या खोलीत पोस्टातला एक तरुण भाडेकरू सामान लावत होता. तीन भिंती पांढऱ्याफेक. चौथ्या भिंतीवर चुना गाडीच्या कडेकडेनं सावकाश फिरवलेला, आणि शेपटाजवळचा सुटलेला कागद ताज्या खळीनं बसवलेला. त्या मुलानं आरसा टांगायला खिळा हातात घेतला आणि काकू दारातूनच कडाडल्या.

"त्या भिंतीले नाही!"

"का हो काकू? कागदच तर आहेत. आणि अशी गाडी असते तरी का कुठे?"

काकूंनी पदर खोचला, त्याच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"असते," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यायनं फेरी मारून पाहिली आहे."