दुधीचा शेंडा

खोटं कशाला बोलू? त्या पोरावर मी जळायचे. थोडीथोडकी नाही, अंगाचा तिळपापड व्हायचा.

पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेत माझे वडील मास्तर होते. शाळेत मी एकटीच मुलगी, आणि तिथं मीसुद्धा त्यांना गुर्जीच म्हणायचं, असा त्यांचा हुकूम. शाळेमागं त्यांनी वाफे पाडले होते, ज्याचा त्याला एक. तेव्हा निजामाचं राज्य, सुट्टी शुक्रवारची, म्हणून गुरुवारी दुपारी मोठ्या पातेल्यात वाफ्यातली भाजी शिजायची. भाकरी ज्याची त्यानं घरून आणायची. ज्याची भाजी, त्याला वडील आपल्या हातानं पहिलं वाढायचे आणि सगळ्यांदेखत "शाबास" म्हणायचे. मला ते एकदा ऐकायचं होतं. घरी तर ते कधी म्हणालेच नाहीत.

आम्ही जुन्या जालन्यातली माणसं, आम्हाला मातीतलं काय कळणार! माझी वांगी किडीनं खाल्ली. शेजारच्या वाफ्यात त्या पोराचा, शेतकऱ्याच्या लेकाचा, दुधी कुंपणावर चढलेला, असा तजेलदार की काय सांगू! वडील रोज त्याच्यापाशी थांबायचे. माझ्या वाफ्याकडं बघून नुसतं, "पाणी कमी घाल." बस्स!

एका दुपारी आसपास कुणी नाही असं बघून मी त्या वेलाचे शेंडे नखानं खुडले. सगळेच्या सगळे. म्हटलं, आता धर दुधी!

वेल काही वाळला नाही. उलट मेल्यानं बाजूनं फांद्या फोडल्या, आणि पुढं इतके दुधी लागले की कुंपण वाकलं.

त्याचे दुधी शिजले त्या गुरुवारी वडिलांनी पातेल्यापाशी उभं राहून विचारलं, "या वेलाचे शेंडे कुणी खुडले? खुडले म्हणूनच एवढं फळ धरलं."

"म्या न्हाई खुडले, गुर्जी," तो पोरगा म्हणाला.

शाबासकी समोर दिसत होती. मला कुठला धीर! "मी!" मी ओरडलेच.

वडील माझ्याकडं वळले. "दुसऱ्याच्या वेलाला हात कशाला लावलास?"

सगळी पोरं टकामका बघायला लागली.

त्या पोरानं एकवार माझ्या तोंडाकडं बघितलं. मंग म्हणाला, "म्याच सांगितल्तं तिला, गुर्जी. मला येळ न्हवता."

वडिलांना खरं काय ते बराबर कळलं. त्यांनी पळी भरली, त्याच्या भाकरीवर भाजी वाढली, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "शाबास."

वाचवलं त्यानं मला, कबूल. पण त्याचा इतका राग मला आधी कधीच आला नव्हता.