जीपभर गिऱ्हाईक

माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानात एक वडापवाला जीपमधले सगळे प्रवासी घेऊनच आला. टर्बोची हवा सांभाळणारा सोलेनॉइड बिघडला होता. जीप गगनबावड्याचा घाट चढेना. मी दोन कंपन्यांचे काढले. तो बॅटरीच्या तारा टेकवून प्रत्येकाला त्यांची टिकटिक ऐकवू लागला.

मी वैतागलो. "अहो, तुमचं तुम्ही निवडा की!"

"घाटात गाडी ह्ये ढकलत्यात, पावणं. निवडणार बी ह्येच."

एका म्हातारीनं डोळे मिटून ऐकलं. "ह्यो दमाचा हाय."

पुढं एकदा त्याच जीपनं मी घाट चढलो. उभ्या वळणावर सगळ्यांनी ढकलायला उतरायच्या सवयीनं चपला घातल्या. जीप चढतच राहिली.

शेजारच्या त्याच म्हातारीनं चपला घातल्याच नव्हत्या.