जाते नाही, येते म्हणावं

आईने तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. इटलीचा बूट ती फळ्यावर एका रेघेत काढायची. निवृत्तीनंतर माझ्याकडे ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला आली तेव्हा सामानात जुनी नकाशावही होतीच. तिची एकच हौस होती. नेपल्सच्या समुद्रावरून निघायचं, गाडीने बूट आडवा ओलांडायचा, वाटेत मातेरातली दगडात कोरलेली घरं बघायची आणि बारीला पलीकडच्या समुद्रात पाय बुडवायचे.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा झिजतोय, जे बघायचं ते वर्षभरात बघून घ्या. मी बुकिंग केलं आणि कोरोना आला. पहिली लाट ओसरल्यावर इटली आम्हाला घ्यायला तयार होती. आमचाच देश सोडायला तयार नव्हता. बाहेर जायला सरकारची परवानगी लागायची. मी डॉक्टरांचं पत्र जोडून अर्ज केला.

आठवड्याने अधिकाऱ्याचा फोन थेट आईलाच आला. मी शिफ्टला होते. घरी आले तर बाई खुशीत.

"छान बोलला गं. यू वॉन्ट टू लीव्ह ऑस्ट्रेलिया, म्हणाला. मी म्हटलं, नो नो, नॉट लीव्हिंग. आय अ‍ॅम कमिंग."

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे उंबऱ्यावर 'जाते' म्हणायची सोय नाही. शाळेत असताना मी चुकून म्हटलं, तर आई गल्लीतून परत बोलवायची आणि 'येते' म्हणवून घ्यायची. तेच तिने सरकारला सांगितलं. दोन दिवसांत उत्तर आलं: अर्जदाराला देश सोडायचा नाही, सबब अर्ज बंद.

पाऊण तास फोनवर ताटकळल्यावर पलीकडची बाई म्हणते, "नो वरीज, पुन्हा अर्ज करा." तुला नसतील गं वरीज! पुन्हा केला. या वेळी कारण पुरेसं निकडीचं नव्हतं. सहल निकडीची नसते म्हणे. त्याच आठवड्यात टीव्हीवर खेळाडू विमानात चढताना दिसले. चेंडू फेकणं मात्र निकडीचं. रोगाचं गांभीर्य मला कुणी शिकवायला नको, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर नमुनेच तपासत होते. पण एका बाईचे डोळे अधू होतायत, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही म्हणजे काय? आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

आई चिडायची नाही, त्याचाही मला राग यायचा. खिडकीशी बसून नकाशावही डोळ्यांजवळ धरायची. मग आणखी जवळ.

पुढच्या वर्षाच्या अखेरीला सीमा उघडल्या. मी धावतच तिच्याकडे गेले. "आई, चल, तिकिटं काढते. नेपल्सला येतेस ना?"

मांडीवरच्या पानावर तिने बोटाने बूट शोधला. बोट आफ्रिकेवर थांबलं.

"डोळे गेले गं माझे," ती म्हणाली.

मी तिचं 'गेले' दुरुस्त केलं नाही.