मास्तरांना विचारायचं राहिलं

विषाणूचा धडा आला की कळंबचे रणवरे मास्तर वर्गाबाहेर जाऊन दार वाजवायचे. आम्ही सवयीने उघडायचो. आत येऊन ते कुणाच्या तरी बाकावर बसत, त्याच्याकडूनच त्याच्याच वहीत स्वतःचं नाव पानभर लिहून घेत आणि जाताना त्याचाच स्वेटर खांद्यावर टाकून निघत. "कळलं का, येड्यांनो? विषाणूचं सोताचं काय बी नसतंय. पेशीच्या पटलावर तिच्याच कामाची प्रथिनं असत्यात. त्यांनाच धरून आत शिरायचं, तिच्याच यंत्रावर आपल्या नकला काढून घ्यायच्या, आन् जाताना तिचंच पटल पांघरून निघायचं. दार उघडतं कोण? आपुनच!"

वर्ग हसून लोळायचा. माझा स्वेटर त्यांनी दोनदा नेला. मी गावच्याच आरोग्य उपकेंद्रात सिस्टर झाले, ती या माणसामुळे. पाय मुरगळला एवढं सांगायला गेलं तरी "कशामुळं?" असं विचारून ते मुळापर्यंत जाणार.

निवृत्तीनंतर थोडा ऊस आणि एक म्हैस एवढाच त्यांचा संसार. दर महिन्याला बीपी तपासायला यायचे. एकदा म्हणाले, "म्हशीच्या नरड्यात उसाचं कांडं अडकलं हुतं गं, नुसती लाळ गाळत हुती. कोपरापातुर हात घातला, काय घावलं न्हाय. परवा मेली." उसाच्या पाल्याने चिरलेले ते हात माझ्यासमोर टेबलावरच होते. बीपी वाढलेलं होतं, म्हणून मी लोणच्यावरून त्यांना झापलं. म्हैस कशाने मेली, हे काही विचारलं नाही. लाळ गाळणाऱ्या जनावराच्या घशात आमच्याकडे सगळेच हात घालतात.

दीड महिन्याने त्यांच्या बायकोचा, काकूंचा, फोन आला. मास्तरांना पाण्याचा घोट जात नव्हता. पेला समोर आला तरी अंग झटके देत होतं. मी धावत गेले, तोवर त्यांना सगळं उमगलं होतं.

"म्हस पिसाळल्याली हुती गं. कुत्रं चावलं आसंल कवातरी. ह्या चिरांतनं विषाणू शिरला, नसंनसंनं मेंदूत गेला. आता इलाज न्हाय." मग म्हणाले, "तू इचारलं न्हाईस, मला सुचलं न्हाय. पण मास्तर मी, पैली चूक माझी. हिनं म्हशीचा जबडा धरला हुता. हिला आजच सुई दे."

तिसऱ्या दिवशी मास्तर गेले. मला अजून त्यांचं नाव घेतलं की रडू येतं.

काकूंचा चौथा डोस नेमका तेराव्याला आला. पाहुण्यांतून उठून त्या उपकेंद्रात आल्या, दंड पुढे केला आणि म्हणाल्या, "हीच सुई म्हशीचं सांगाया आलं त्या दिवशी त्यांना दिली आसती, तर वाचलं आसतं का गं?"

खोटं बोलावंसं फार वाटलं.

"व्हय, काकू," मी म्हणाले.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. दंड मात्र त्यांनी मागे घेतला नाही.