बँकॉकचं वेळापत्रक

बस डेपोत त्यांना सगळे वेळसाहेब म्हणत. कुठली बस कधी सुटेल, कुठे किती थांबेल, हे त्यांनी बत्तीस वर्षं ठरवलं. निवृत्त झाल्यावर ठरवायला घरात फक्त बायको उरली, आणि ती काही वेळेवर सुटणाऱ्यांतली नव्हती. मग त्यांनी बँकॉक काढलं.

दोघांचाही पहिलाच परदेश. पाच दिवस, पंधरा ठिकाणं, चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं आखलेली: ८.३५ राजवाडा, १०.०५ निजलेला बुद्ध, १०.३० नदीचा धक्का. निजलेल्या बुद्धालासुद्धा पंचवीस मिनिटांत उरकलं होतं. भाची तिकिटांच्या कचेरीत होती. तिला शुक्रवारपर्यंत नावं हवी होती.

बायकोनं कागद वाचला, चष्मा काढला. "छान आहे. तुम्ही जाऊन या."

"म्हणजे?"

"म्हणजे मी येत नाही. तिथं येऊन बघू काय, तुमची पाठ? ती माझी तोंडपाठ आहे."

यात खोटं काही नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून हा माणूस बायकोच्या दहा पावलं पुढे चालत आला. पुढे जाऊन कोपऱ्यावर थांबायचं, घड्याळ बघायचं, आणि ती जवळ पोचली की पुन्हा सुटायचं. म्हणजे विसावा मिळायचा तो त्यांना, तिला नाही. वर टोमणा: "झाली का दुकानांची तपासणी?" कारण ती वाटेत दुकानांपुढे थांबायची. बायकांना दुकानं लागतातच, ही त्यांची पक्की समजूत.

पाठीचं बोलणं त्यांना लागलं. पण चूक दिसली ती भलतीच: वेळापत्रक चाचणी न घेता लिहिलंय! डेपोत ते सगळ्यात जुन्या बसमध्ये बसून मार्गावर जात आणि तिला लागतील तेवढी मिनिटं धरत.

"उद्या बाजारापर्यंत चाल," ते म्हणाले. "मी मागून येतो. वेळ मोजायचाय."

"मी काय जुनी बस आहे?"

त्यांनी लगबगीनं डेपोतली जुनी वही शोधायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ती पुढे, हे वही घेऊन मागे. छत्र्यांच्या दुकानापाशी ती थांबली. त्यांनी लिहिलं: छत्र्या, दोन मिनिटं. पुढे चपला, दोन मिनिटं. मग ती टायरच्या दुकानापुढे थांबली.

टायर? कुठली बाई टायर बघते? ते बाजूला सरकून पाहू लागले. ती टायर बघतच नव्हती. डोळे घट्ट मिटलेले, एक हात खांबावर, डावा पाय जमिनीवरून जेमतेम उचललेला. जरा वेळानं तिनं डोळे उघडले, केस सारखे केले आणि भाव पटला नाही असा चेहरा करून चालू लागली.

वहीत टायरची मिनिटं पडलीच नाहीत.

बाजारात त्यांनी तिला गाठलं. "गुडघा कधीपासून?"

"धाकटीच्या वेळेपासून."

"अगं, ती एकोणतीस वर्षांची आहे!"

"मोजा की. मोजणं तुमचंच काम."

"बोलली का नाहीस कधी?"

"कुणाशी बोलू? तुम्ही पुढच्या कोपऱ्यावर."

घरी येऊन ते कागद घेऊन बसले. पंधरातली अकरा ठिकाणं खोडली. उरलेल्या चारांमध्ये जागोजाग लिहिलं: विनंती थांबा. डेपोच्या भाषेत, प्रवाशानं हात केला की बस थांबते तो. किती मिनिटं, ती जागा कोरी ठेवली. वेळसाहेबांनी कोरी जागा सोडली, हे डेपोत कुणाला खरं वाटलं नसतं.

गुरुवारी बायकोनं तो कागद वाचला. बराच वेळ वाचला.

"राजवाडा कुठाय?"

"खोडला. चालणं फार, सावली कमी."

"तो कशाला खोडलात? तेवढाच तर मला बघायचाय. बाजार-बिजार खोडा आणि राजवाड्याला अख्खा दिवस द्या. मी दुपारभर नुसती पायरीवर बसले तरी घाई करायची नाही."

"नाही करणार."

"तोंडी नको. लिहा."

ते पेन्सिलीला टोक करायला लागले. तोवर तिनं भाचीला फोन लावला.

"हं, मामीच बोलतेय. दोन तिकिटं काढ. हो गं, मीसुद्धा. मामांना कशाला देऊ फोन? त्यांना वेळ नाही, लिहितायत."