गवतावरचे तीन चेंडू

क्रिकेटचे नियम मला तोंडपाठ होते आणि त्याचा मला नको तितका गर्व होता. नव्वदीच्या दशकात बहारीनमध्ये आमची चाळिशी ओलांडलेल्यांची टीम होती. शिंगं मोडून वासरांत शिरलेले सगळे, कोणी कारकून, कोणी मेकॅनिक. माझा गुडघा कामातून गेलेला, म्हणून मी अंपायर. शुक्रवारी ऊन चढायच्या आत बुदैयाच्या रस्त्याला एका वाळूच्या मैदानावर आम्ही सिमेंटच्या पट्टीवर काथ्याची मॅटिंग खिळे ठोकून ताणायचो. टप्पा पडला की चेंडू छातीवर यायचा आणि धूळ नाकात.

मॅटिंग ताणायला सगळ्यांत आधी हजर असायचे ते भाई. ते रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे, कामाला एसी दुरुस्तीवर. उम्म अल हस्समला आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचे. लहानपणी भात कापून झालेल्या खाचरात खेळले आणि नंतर चौदा वर्षं या वाळूत. एकदा खऱ्या गवतावर बॅटिंग करायची, एवढं एकच त्यांचं मागणं होतं. बाकी कशावरही त्यांचं उत्तर एकच, ‘मफी मुश्किल’, काही अडचण नाही.

मग एका उन्हाळ्यात टीमने इंग्लंडचा दौरा ठरवला. छोटी गावं, तिथले आमच्याच वयाचे क्लब, चार सामने. भाईंना वर्षातून एकदाच सुट्टी मिळायची. ती दौऱ्यात घालवली तर त्या वर्षी घरी जाणं नाही. त्यांच्या बायकोने, भाभींनी, गावाहून फोनवर सांगितलं, जाऊन या, मुलांचं मी बघते. तेव्हा कुठे त्यांनी व्हिसाचा अर्ज भरला. मीही पांढरा कोट बॅगेत घालून टीमच्या मागे निघालो.

आम्ही तेरा जण खेळणारे होतो. पहिल्या दोन सामन्यांत भाई बाहेर बसले, दुसऱ्यांना पाणी नेत राहिले. तिसरा पावसात गेला. म्हणजे त्यांच्या वाट्याला शेवटचा एकच सामना उरला.

अशा सामन्यांत जो संघ बॅटिंग करतो त्याच्याच माणसाने अंपायरिंग करायची रीत असते. दुसऱ्या सामन्यात मी आमच्या कॅप्टनला दोनदा नाबाद दिलं होतं, आणि ते बरोबरच होतं. पण चहाच्या रांगेत माझ्या पुढे यजमानांपैकी दोघे हसत होते. ह्यांच्या अंपायरला बोटच नाही, असं त्यांचं चाललं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात खेळ नव्हताच. मी किती प्रामाणिक आहे हे त्या गोऱ्यांना कधी दाखवतो, एवढंच होतं.

शेवटच्या सामन्याच्या सकाळी भाई बूट काढून ओल्या गवतावर अनवाणी फिरून आले. बॅटिंगला आले तेव्हा मी बोलरच्या बाजूला उभा होतो. पहिला चेंडू त्यांनी सोडला. दुसरा अलगद अडवला, आणि तो गवतावर आवाज न करता थांबला, तेव्हा माझ्याकडे बघून हसले. तिसरा आत आला. बॅटच्या आतल्या कडेला टक् झालं आणि मग चेंडू पॅडवर आदळला. ते टक् मी स्वच्छ ऐकलं, आणि आधी बॅटला लागलेल्या चेंडूवर पायचीत देता येत नाही. बोलरने अपील केलं, तेही अर्धवट, बहुधा सवयीने. आणि माझं बोट वर गेलं.

भाईंनी माझ्याकडे पाहिलं, बॅट काखेत घेतली आणि चालू लागले. अंपायरने लगेच निर्णय बदलला तर चालतो, नियमात तशी सोय आहे. मला तो नियम पाठ होता. भाई पॅव्हिलियनपर्यंत पोचायला बराच वेळ होता. पण यजमानांचा कॅप्टन माझ्याजवळ आला आणि अंपायरिंग उत्तम झालं, असं म्हणाला. त्याने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढून बसलो. मला ते गोड लागलं, याची लाज मला आजही वाटते.

परतल्यावर बहारीनमध्ये कोणी विचारलं की भाई स्वतःच सांगायचे, सरळ पायावर लागला, आउटच होतो. त्यांच्या बॅटच्या आतल्या कडेवर चेंडूचा लाल डाग होता, तो मी दर शुक्रवारी पाहत होतो.

चार महिन्यांनी मी सुट्टीवर निघालो. गावी जाणाऱ्याने दुसऱ्याचं सामान पोचवायचं हा आमच्याकडचा शिरस्ता. भाईंची पिशवी घेऊन मी त्यांच्या गावी गेलो. भाभींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. वाढताना त्या इंग्लंडबद्दल बोलायला लागल्या.

“तिथे पावसाने घात केला म्हणे,” त्या म्हणाल्या. “एवढी वर्षाची सुट्टी घालवली आणि बॅट हातात घ्यायला मिळाली नाही.”

मी घास हातात धरून बसलो. भाईंनी घरी माझं नाव येऊ दिलं नव्हतं. शिवाय तीन चेंडू खेळले, हेही सांगितलं नव्हतं.

“हो,” मी म्हटलं. “पाऊस फार होता.”

“निदान तुम्ही सोबत होतात,” त्या म्हणाल्या आणि माझ्या पानात आणखी भात वाढला.

बहारीनला पोचलो त्याच संध्याकाळी भाभींनी दिलेला डबा घेऊन मी खाली गेलो. त्यात त्यांनी उन्हाळ्यात घातलेली फणसपोळी होती. भाई कात्रीने डब्याची सुतळी कापत होते, तेव्हा मी एका दमात बोलून टाकलं.

“भाई, बॅटला लागला होता. मी ऐकलं होतं.”

त्यांचा हात थांबला. वर न बघता त्यांनी विचारलं, “घरी पाऊसच सांगितलात ना?”

“हो.”

“मग झालं.”

या वेळी ते ‘मफी मुश्किल’ म्हणाले नाहीत. त्यांनी सुतळी गुंडाळून ठेवली, फणसपोळीचे दोन सारखे वाटे केले आणि त्यातला एक माझ्यापुढे सरकवला.